विमानाचा आवाज बंद झाला, नाक खाली गेलं... घाबरू नका, तो 'स्टॉल'चा सराव आहे

गोंदिया : मागच्या धान कापणीची गोष्ट. कडपा वाळून आल्या होत्या, भारे बांधायचं काम चालू होतं. तेवढ्यात शेजारच्या गावातून एका वाचकाचा फोन आला. "भाऊ, विमान वरच बंद पडलं! खाली येऊन राहिलं. लवकर या."

मी विळा तिथंच टाकला. मोटारसायकल काढायच्या आधी आपल्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या, 'प्रशिक्षण विमानाचं इंजिन हवेत बंद, कोसळल्याची शक्यता.' ही माझी चूक. तिथं पोचलो तर ना विमान, ना धूर. पन्नासेक माणसं धुऱ्यावर उभी राहून आभाळाकडं बघत होती. दहा मिनिटांनी तेच पांढरं विमान परत आलं. घरघर कमी झाली, नाक हळूहळू वर उचललं गेलं, विमान जागीच थबकल्यासारखं वाटलं आणि मग एकदम नाक खाली. बायांच्या तोंडून "अगं बाई" निघालं. दोन-तीन सेकंदांत इंजिन जोरात गरजलं आणि विमान सरळ होऊन वर निघून गेलं. मी खाली मान घालून ग्रुपवरची पोस्ट डिलीट केली. पण तोवर ती आणखी चार ग्रुपवर गेली होती.

बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. आता तिथं वैमानिक तयार होतात, त्यामुळं कामठा, परसवाडा, खातिया या भागात लहान विमानं आभाळात रोजचीच. तरी हा आवाज बंद होण्याचा प्रकार दिसला की फोन येतोच. त्या दिवसानंतर मी एका प्रशिक्षक वैमानिकाला चहाच्या टपरीवर गाठून विचारलं. ते हसून म्हणाले, "इंजिन बंद नव्हतं पडलं. पंख बंद पडला होता. तोही आम्ही मुद्दाम पाडला."

पंख कसा काय बंद पडतो? हे समजायला मला बरेच दिवस लागले. जेवढं समजलं ते सांगतो.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे

आपल्याकडं स्टॉल म्हणजे चहाचा, भज्यांचा. ज्याला थोडं गाड्यांचं कळतं तो म्हणेल, क्लच पटकन सोडला की ट्रॅक्टर धक्का खाऊन बंद पडतो, तो स्टॉल. विमानातला स्टॉल या दोन्हींपेक्षा वेगळा. इंजिन चांगलं पूर्ण ताकदीनं चालू असतानाही विमान स्टॉल होऊ शकतं. आणि इंजिन खरोखर बंद पडलं तरी विमान स्टॉल होईलच असं नाही. इंजिन बंद पडलेलं लहान विमान दगडासारखं पडत नाही. वैमानिकानं डोकं शांत ठेवलं तर एक किलोमीटर उंचीवरून ते आठ-नऊ किलोमीटर पुढं तरंगत जाऊ शकतं, मोकळं रान शोधून उतरू शकतं.

विमानाला वर धरून ठेवतो तो पंख. इंजिनाचं काम फक्त पुढं ढकलायचं, म्हणजे पंखाला समोरून वारा मिळत राहतो. लहानपणी एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढलेला आठवा. (आता काढू नका.) तळवा आडवा धरला तर हात नुसता वाऱ्यात राहतो. अंगठ्याकडची कड थोडी वर केली की हात आपोआप वर उचलला जातो. कारण तळवा वाऱ्याला खाली ढकलतो, वारा तळव्याला वर ढकलतो. आणखी थोडा तिरपा केला की आणखी वर. पण फारच उभा केला तर? हात वर जायचं थांबतो आणि नुसता मागं फेकला जातो. स्टॉलची अर्धी गोष्ट तिथंच आली.

दुसरी अर्धी घरच्या नळावर बघायला मिळते. नळाची बारीक धार सोडा. चमचा दांडीला सैल धरून त्याची फुगीर पाठ धारेला हळूच लावा. पाणी सरळ खाली न पडता चमच्याच्या पाठीला चिकटून वळतं आणि चमचा धारेकडं ओढला जातो. पंखाची वरची बाजूही अशीच थोडी फुगीर असते. हवा तिला चिकटून, वळून, मागच्या कडेवरून खाली जाते. या चिकटून वाहण्यातच पंखाची बरीचशी उचल आहे. (उचल म्हटलं की आपल्याला मजुराला दिलेले पैसे आठवतात, इथं ती विमान वर धरणारी ताकद समजा.)

आता कालव्याचं पाणी डोळ्यासमोर आणा. पाटाला हलकं वळण असेल तर पाणी काठाला धरून गुमान वळतं. वळण एकदम काटकोनात असेल तर पाणी काठ सोडतं, पुढं आपटतं आणि आतल्या कोपऱ्यात भोवरे फिरत राहतात. पंखाचंही तसंच. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यात जो कोन असतो त्याला वैमानिक 'अँगल ऑफ अटॅक' म्हणतात. हा कोन एका मर्यादेपर्यंत वाढवत नेला तर उचल वाढते. मर्यादा ओलांडली की हवेला पंखाच्या पाठीवरून एवढं वळण घेता येत नाही. ती पाठ सोडते, मागं भोवरे होतात, उचल भसकन कमी होते. यालाच स्टॉल म्हणतात.

ही मर्यादा बहुतेक लहान विमानांत साधारण १५-१६ अंश असते. घड्याळाचा मिनिटकाटा अडीच मिनिटांत जेवढा सरकतो तेवढा हा कोन. फार नाही.

मग वेगाचं काय?

विमान हळू झालं की पडतं, असं आपण ऐकतो. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. वेग निम्मा झाला तर त्याच कोनावर उचल निम्मी नाही, पाव होते. मग उंची टिकवायला वैमानिकाला नाक वर करून कोन वाढवावा लागतो. आणखी हळू, आणखी कोन. असं करत करत १५-१६ अंश येतात आणि पंख हात वर करतो. म्हणून प्रत्येक विमानाच्या पुस्तकात स्टॉलचा वेग दिलेला असतो. लहान प्रशिक्षण विमानांत तो ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रायपूर हायवेवरच्या ट्रकपेक्षा थोडा जास्त.

पण तो आकडा सरळ उडणाऱ्या विमानाचा. विमान वळताना एका कुशीवर कलतं. तेव्हा पंखाला वजनही धरायचं असतं आणि विमान वळवायचंही असतं, म्हणजे काम दुप्पट. ६० अंश कललेल्या विमानाचा स्टॉलचा वेग साधारण १.४ पट होतो. जो सरळ जाताना ताशी ९० ला स्टॉल होईल तो अशा वळणात १२५ च्या आसपासच स्टॉल होईल. जगभरात लहान विमानांचे बरेच अपघात धावपट्टीजवळच्या शेवटच्या वळणावर होतात ते यामुळंच. वळण थोडं चुकलं, धावपट्टी बाजूला राहिली, म्हणून वैमानिक आणखी वळवतो, आणखी ओढतो. एक पंख आधी स्टॉल होतो, विमान त्या बाजूला गिरकी घेतं. वर तीन हजार फुटांवर ही गिरकी सोडवता येते. पाचशे फुटांवर वेळच नसतो.

उलटा उपाय

स्टॉल झालेलं विमान सोडवायचा उपाय एका ओळीचा आहे. नाक खाली करा. कोन कमी झाला की हवा परत पंखाला चिकटते, पंख परत काम करायला लागतो. सोबत इंजिनाची ताकद वाढवून वेग घ्यायचा आणि मग हळूच वर यायचं. चांगल्या वैमानिकाच्या हातात लहान विमान या सगळ्यात शंभर-दोनशे फूट खाली येतं, बस.

ऐकायला सोपं आहे. पण विचार करा, विमान खाली चाललंय, जमीन दिसतेय, आणि तुम्ही नाक आणखी खाली ढकलायचं! माणसाचं मन त्याला तयारच होत नाही. बैल उधळला की कासरा मागं ओढायचा हेच हाताला माहीत असतं. विमानातही घाबरलेला हात दांडी मागंच ओढतो. दांडी मागं ओढली की नाक वर, कोन आणखी वाढला, स्टॉल आणखी पक्का.

२००९ हे एकच वर्ष बघा.

१५ जानेवारीला न्यूयॉर्कहून निघालेल्या एअरबस विमानाला पक्ष्यांचा थवा धडकला. दोन्ही इंजिनांची ताकद गेली. खाली सगळं शहर. कॅप्टन चेस्ली सुलेनबर्गर यांनी नाक योग्य तेवढंच खाली ठेवून वेग राखला, पंख चालू ठेवला आणि विमान हडसन नदीत उतरवलं. १५५ पैकी १५५ जण वाचले.

१२ फेब्रुवारीला त्याच न्यूयॉर्क राज्यात बफेलो शहराजवळ एक प्रवासी विमान उतरायच्या तयारीत होतं. वेग कमी होत गेला. हातातली दांडी थरथरून इशारा देऊ लागली, तशी सोयच असते. कॅप्टननं दांडी पुढं ढकलायच्या ऐवजी मागं ओढली. विमानातले ४९ आणि खाली घरातला एक, असे ५० जण गेले. दोन्ही इंजिनं चालू होती.

आणि १ जूनला एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान. रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेलं, आत २२८ माणसं. रात्रीची वेळ, अटलांटिक महासागराच्या वर ३५ हजार फूट. बाहेर वेग मोजायच्या ज्या नळ्या असतात त्यात बर्फाचे कण अडकले. वेगाचे आकडे चुकीचे यायला लागले म्हणून ऑटोपायलटनं स्वतःला बंद करून घेतलं आणि विमान वैमानिकांच्या हाती दिलं. बिघाड म्हणाल तर एवढाच. नळ्या मिनिटभरात मोकळ्या झाल्या. विमानाला हात लावला नसता तरी ते सरळ गेलं असतं, असं तज्ज्ञ सांगतात.

पण उजवीकडं बसलेल्या तरुण वैमानिकानं दांडी मागं ओढली. विमान ३८ हजार फुटांपर्यंत चढलं, वेग गळून गेला, स्टॉल झालं. "स्टॉल, स्टॉल" असा आवाज यंत्रातून सलग ५४ सेकंद येत होता. विमान मिनिटाला दहा हजार फुटांहून जास्त वेगानं खाली चाललं होतं, तरी दांडी बहुतेक वेळ मागंच. ऑटोपायलट सुटल्यापासून समुद्रावर आदळेपर्यंत ४ मिनिटं २३ सेकंद गेली.

यातली एक गोष्ट मला रात्री झोपू देईना. विमानाचं नाक आकाशाकडं १०-१५ अंशच वर होतं. अंधारात, ढगात, बसलेल्या माणसाला ते फारसं वाकडं वाटणारच नाही. पण विमान सपाट पडत होतं, म्हणून हवा खालून येत होती. पंख आणि हवा यांच्यातला कोन ३५ अंशांच्या वर गेला होता. कोन जमिनीशी नसतो, येणाऱ्या हवेशी असतो, हे वाक्य वर साधं वाटलं असेल. त्या रात्री २२८ जीव त्या एका वाक्यावर होते.

त्यात आणखी एक घोळ. विमानाचा वेग फारच कमी दिसू लागला की कोन मोजणारं यंत्र स्वतःलाच अविश्वासू धरायचं आणि इशारा बंद व्हायचा. वैमानिकानं मध्येच नाक थोडं खाली केलं, म्हणजे बरोबर केलं, की वेग वाढून इशारा परत ओरडायला लागायचा. बरोबर केलं की ओरडा, चूक केली की शांतता! कोणाचंही डोकं फिरेल. त्यामुळं नुसतं त्या पोराला दोष द्यायला माझं मन धजत नाही. एवढ्या उंचीवर हातानं विमान चालवून स्टॉल सोडवायचा सराव त्याला मिळालेलाच नव्हता, हेही चौकशीत नमूद झालं. विमानाचे ब्लॅक बॉक्स मिळाले ते २०११ मध्ये, समुद्रात जवळपास चार किलोमीटर खोल.

जानेवारीत इंजिनं गेली, सगळे वाचले. जूनमध्ये इंजिनं ठणठणीत, कोणी वाचलं नाही.

मग यंत्रालाच नाक खाली करू द्यावं, वैमानिकाच्या हातात का ठेवायचं? असंही करून बघितलं गेलं. बोईंग ७३७ मॅक्स विमानात तशी एक यंत्रणा होती. कोन फार वाढला असं वाटलं की ती आपणहून नाक खाली ढकलायची. पण ती विमानाच्या नाकाजवळच्या एकाच छोट्या पात्यावर विसंबून होती. त्या पात्यानं चुकीचा कोन सांगितला आणि यंत्रणेनं चांगल्या उडणाऱ्या विमानाचं नाक पुन्हा पुन्हा खाली ढकललं. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात १८९ आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात १५७ माणसं गेली. नंतर ती यंत्रणा बदलावी लागली.

म्हणून ते आपल्या बांध्यांवर येतात

आता आपल्या आभाळातलं चित्र परत बघा. प्रशिक्षक चांगली उंची घेतो, आजूबाजूला दुसरं विमान नाही ना हे बघायला एक गोल फेरी मारतो. इंजिनाची ताकद कमी करतो, म्हणून खाली आपल्याला आवाज बंद झाल्यासारखा वाटतो. इंजिन बंद नसतं, मंद चालू असतं. मग शिकणारा नाक हळूहळू वर करत उंची टिकवतो. वेग कमी होतो, आत भोंगा वाजायला लागतो, विमान थरथरतं. ही थरथर म्हणजे पंखावरून सुटलेल्या हवेचे भोवरे शेपटीवर आपटतात ती. मग नाक आपोआप खाली पडतं. शिकणाऱ्यानं दांडी पुढं द्यायची, ताकद वाढवायची, आणि तेव्हाच आपल्याला तो गर्रर्र आवाज येतो. हे एकदा नाही, अनेकदा, हात आपोआप पुढं जाईपर्यंत.

नाक आपोआप खाली पडतं हे विमान बनवणाऱ्यांनीच जमवलेलं असतं. वजन पुढं ठेवलेलं असतं, आणि पंख असा केलेला असतो की बुडाकडचा भाग आधी स्टॉल व्हावा, टोकाकडचा नंतर. म्हणजे टोकावरच्या फळ्यांनी विमान सरळ ठेवता येतं.

आपल्याकडं स्टॉलचा सगळ्यात हुशार वापर करणारा मात्र वैमानिक नाही, बगळा आहे. बोडीच्या काठावर उतरताना त्याला बघा. शेवटच्या क्षणी तो अंग उभं करतो, पंख वाऱ्याला जवळजवळ आडवे धरतो आणि जमिनीपासून वीतभर वर मुद्दाम स्टॉल होतो. वेग संपतो, पाय टेकतात. पंखाच्या पुढच्या कडेला अंगठ्याच्या जागी दोन-चार लहान पिसं असतात, ती तेव्हा उघडतात. त्यातून हवा पंखाच्या पाठीवर जाते आणि पंख थोडा जास्त कोन सहन करतो. मोठ्या विमानांच्या पंखाच्या पुढच्या कडेला उतरताना जी फळी बाहेर येते ती हेच काम करते. सारसाची जोडी धानात उतरताना दिसली तर तिथंही हेच बघायला मिळेल, फक्त लांबून बघा.

तर फोन कधी करायचा? आवाज कमी झाला, नाक पडलं, आणि काही सेकंदांत आवाज परत आला, विमान वर गेलं, तर तो सराव. आपलं काम चालू ठेवा. आवाज परत आलाच नाही आणि विमान खाली खाली येत झाडांच्या मागं गेलं, किंवा धूर दिसला, तर आधी ११२ ला फोन करा, मला नंतर. गावाचं नाव, जवळची खूण, रस्ता कुठून आहे ते सांगा. तिथं गेलात तर विडी पेटवू नका, मोबाईल घेऊन गर्दी करू नका, पेट्रोल सांडलेलं असू शकतं. जखमींना मदत करा. पण विमानाचा कुठलाही तुकडा, कितीही लहान असो, उचलून घरी आणू नका. पंख कुठल्या कोनात होता हे नंतर त्या तुकड्यांवरूनच शोधतात.